चर्चच्या आतून, जमिनीलगत: एक तर खांब झुकतात, नाहीतर नुसती फरशी येते

टेकडीवाला

मंडळी, पुण्याच्या कॅम्पातल्या एका जुन्या चर्चमध्ये आतून फोटो काढायला परवानगी मिळाली आहे. परवानगी तोंडी आहे, म्हणून चर्चचं नाव इथे देत नाही. ओळखलंत तरी मनात ठेवा. अटी अशा: ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही, वेदीच्या कठड्याच्या आत पाय नाही, आणि कोणी प्रार्थनेला बसलं असेल तर कॅमेरा पिशवीत. एकही अट अवाजवी वाटली नाही.

डोक्यात फ्रेम पक्की आहे. मधल्या वाटेत फरशीला जवळजवळ टेकलेला कॅमेरा, दोन्हीकडे बाकांच्या रांगा, समोर वेदी, तिच्यामागची रंगीत काच आणि वर लाकडी छत. सगळं एकात. सामान म्हणजे फुल फ्रेम बॉडी (प्रतिमा टिपणारा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा), १६-३५ मिमीची लेन्स, आणि ट्रायपॉडऐवजी जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली तांदळाची पिशवी. एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्टतेची खोली जास्त), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, शटर दोन-तीन सेकंद. पिशवीवर कॅमेरा दगडासारखा बसतो, त्याची काळजी नाही.

घोडं अडतंय ते दुसरीकडे. छत यावं म्हणून कॅमेऱ्याचं नाक वर केलं की दोन्हीकडचे खांब आत झुकतात आणि अख्खी इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. नाक सरळ ठेवलं तर खांब ताठ, पण निम्म्या फोटोत फरशी, छत कापलेलं, आणि त्या फरशीचाही अगदी पुढचा पट्टा धूसर. झुकलेले खांब सॉफ्टवेअरमध्ये सरळ केले तर खालचे दोन्ही कोपरे रिकामे होतात. ते कापले की कडेचे बाक जातात, आणि वरचं छत ताणल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

लो अँगलचे जे चांगले फोटो आपण बघतो, त्यात हे कसं जमवतात?

रवा_लाडू

सेंट मेरीज. लागली पैज.

टेकडीवाला

मनात ठेवा म्हटलं होतं ना राव.

लोलक

टेकडीवाला, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे, तेवढी सोडली की बाकीचं आपोआप सुटेल. कॅमेरा किती खाली ठेवायचा ही एक गोष्ट. त्याचं नाक किती वर करायचं ही दुसरी. आपण दोन्हीला मिळून लो अँगल म्हणून टाकतो. खांब झुकतात ते फक्त नाक वर केल्याने. कॅमेरा फरशीवर असो की स्टुलावर, सेन्सर खांबांना समांतर असेल तर खांब समांतरच येणार.

म्हणून नियम एकच: नाक सरळ. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा आणि दोन्ही रेषा हिरव्या होईपर्यंत तांदूळ चेपत राहा. १६ मिमीला एका अंशाचा कलही खांबांत दिसतो.

आता उरली फरशी. लेन्स जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर आहे असं धरू. सेन्सरची उंची २४ मिमी, म्हणजे मध्यापासून खाली १२. क्षितिज फ्रेमच्या बरोब्बर मधोमध. मग फोटोच्या तळाला किती अंतरावरची फरशी येईल? १५ गुणिले १६ भागिले १२, म्हणजे २० सेंटीमीटर. आणि दोन मीटरवरची फरशी कुठे? मध्यरेषेच्या जेमतेम १.२ मिमी खाली. म्हणजे खालच्या १२ मिमीतले जवळजवळ ११ मिमी तुमच्या नाकासमोरच्या दोन मीटर फरशीला बहाल झालेत, आणि तिथून वेदीपर्यंतची सगळी वाट उरलेल्या मिमीभरात. फरशीचा राग येतो तो यामुळे.

धूसर पट्ट्याचंही तसंच. १६ मिमी, एफ ८ ला हायपरफोकल अंतर साधारण १ मीटर ७ सेंटीमीटर. तिथे फोकस केलात तर ५३ सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. तुमची फरशी सुरू होते २० ला. मधले ३३ सेंटीमीटर धूसर राहणारच, त्यात लेन्सची चूक नाही.

उपाय सोपा आहे. फोटो घेताना वर जागा राहील अशी फ्रेम घ्या आणि नंतर खालचा तिसरा हिस्सा निर्दयपणे कापा. २४ मिमीतले खालचे ८ मिमी गेले की फरशी २० ऐवजी ६० सेंटीमीटरपासून सुरू होते, आणि ६० सेंटीमीटर तुमच्या फोकसच्या आत आहे. फरशी आणि धूसरपणा एका कात्रीत गेले. २४ मेगापिक्सेलचे १६ उरतील, घरच्या भिंतीवर लावायला भरपूर.

मोबाईलवाली

लोलक, मला आकडे झेपले नाहीत पण 'निर्दयपणे कापा' झेपलं.

जुनी_रिळं

लोलकने सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, फक्त ही युक्ती काही आजची नाही. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत लेन्सची पाटी वर सरकवायची सोय असायची. कॅमेरा सरळ, मागची फिल्म उभी, आणि पाटी वर उचलली की फरशी खाली निघून जाते, छत आत येतं. इमारतींचे फोटो काढणारे एकोणिसाव्या शतकापासून हेच करत आले. तुमचे खालचे मेगापिक्सेल वाया जातात, त्यांची फिल्म वाया जात नव्हती, एवढाच फरक. काळ्या कापडाखाली डोकं घालून उलटी प्रतिमा बघत फरशीवर पालथं पडायचं, हा मात्र भोग होता. गुडघे तेव्हा चांगले होते.

आजचा अवतार म्हणजे शिफ्ट लेन्स. कॅननची १७ मिमी, निकॉनची १९ मिमी. कॅननची १२ मिमी सरकते. आडव्या फ्रेममध्ये पूर्ण १२ सरकवली तर फोटोची खालची कड थेट क्षितिजावर येते, फरशी शून्य! म्हणून सहा-आठवर थांबायचं. किंमत विचारू नका. भाड्याने मिळते, पण एका फोटोसाठी तेवढा खर्च करायचा का, ते घरी विचारा.

टेकडीवाला

काका, घरी विचारलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

लोलक, आडवा फोटो खालून कापला तर फारच लांबुडका होतो हो. छताची उंची कळतच नाही.

लोलक

मग उभा घ्या. १६ मिमीला उभ्या फ्रेममध्ये मध्यापासून वर १८ मिमी मिळतात, म्हणजे १५ मीटरवरच्या वेदीकडे बघताना जवळजवळ १७ मीटर उंचीपर्यंतचं दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक चर्चचं छत त्यात आरामात मावेल. नंतर खालचे १२ मिमी कापा. उरतो २४ बाय २४, चक्क चौरस. फक्त आता फरशी ४० सेंटीमीटरपासून सुरू होते, त्यामुळे एफ ८ पुरणार नाही, एफ ११ करा. मग फोकस ३९ पासून पुढे सगळा. बसतंय नेमकं.

कॅमेरा आडवा पाडला की लेन्सची उंची बदलेल. पिशवीत तांदूळ कमी-जास्त करून ती पुन्हा १५ सेंटीमीटरवर आणा.

कॅम्पातली

धागा मनापासून वाचतेय. मी कॅम्पातच वाढले आणि दर रविवारी चर्चला जाते, त्यामुळे माझं थोडं वेगळं म्हणणं.

आधी कामाचं. रविवारी सकाळच्या उपासनेच्या आधी-मागे जाऊ नका, शनिवारी संध्याकाळी तर नकोच; लग्न नसेल तर सजावट, सजावट नसेल तर गायकमंडळाचा सराव असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या आधी जा. देखभाल करणाऱ्या काकांना आदल्या दिवशी फोन करा, कारण दिवे आणि पंख्यांची बटणं फक्त त्यांनाच कळतात. आणि फरशीवर आडवे पडाल तेव्हा पाय वेदीकडे करू नका. कोणी बोलणार नाही, पण बघतील. कॅथलिक चर्च असेल आणि वेदीजवळ लहानसा तांबडा दिवा तेवत असेल, तर तिथे पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) आहे असं समजा आणि आवाज खाली.

आता फोटोचं. तुम्ही कॅमेरा १५ सेंटीमीटरवर ठेवताय. चर्चमध्ये त्या उंचीवरून कोण बघतं? रांगणारं बाळ. आम्ही बघतो ते एक तर बसून, नाहीतर गुडघे टेकून. बाकाची पाठ साधारण मांडीपर्यंत येते. गुडघ्यांवर असलं की डोळे तिच्या थोडे वर असतात, पुढच्या सगळ्या बाकांच्या पाठी एकामागे एक दाटून येतात आणि त्यांच्यावर वेदी मोकळी दिसते. माझ्या मते कॅमेरा तिथे हवा. फरशीवरून काढलेले फोटो भव्य दिसतात खरे, पण ते बाहेरून बघायला आलेल्याचे फोटो असतात.

लोलक

ताई, मुद्दा मान्य, पण मग तो लो अँगल राहत नाही. शिवाय भूमितीचं एक बघा. कॅमेऱ्याच्या उंचीच्या वर जे जे आहे ते फोटोत क्षितिजाच्या वर जातं. १५ सेंटीमीटरवरून बघताना बाक क्षितिजाच्या वर उभे राहतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती होतात आणि नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही, सरळ वेदीवर. टेकडीवाल्यांना तेच हवंय ना?

कॅम्पातली

नजर दुसरीकडे जाऊ नये हे चर्चला नाही, फोटोग्राफरला हवं असतं. बाजूच्या भिंतींवर स्मृतिशिला आहेत, खिडक्या आहेत, बाप्तिस्म्याचं कुंड आहे. तुमच्या त्या भिंती ते सगळं झाकतात.

रवा_लाडू

सूत्रं विरुद्ध गुडघे. मी चहा ठेवलाय.

पेठेतला

चर्च आणि चहा एकत्र आलेच आहेत तर थोडं अवांतर. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळींत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशांनी (आनंदीबाईंचे यजमान) नावं छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारकांची बोलणी खाल्ली. एका कपाची एवढी किंमत नंतर पुण्यात कोणी मोजली नसेल.

ते पवित्र नाम देवालय अजून गुरुवार पेठेत उभं आहे, शेजारी घंटांचा उंच मनोरा. शहरात चर्च म्हणजे कॅम्पच, असं धरून चालणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावं. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा तर सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेली, त्यांच्या पदरी असलेल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. आणि रवा लाडू, सेंट मेरीज १८२५ चं. बिशप हीबरच्या हातून त्याचं समर्पण झालं, कॅम्पातलं सगळ्यात जुनं. पैज लावायची तर माहिती लावून लावा.

जुनी_रिळं

पेठेतला, उंचीच हवी असेल तर स्टेशनकडचं सेंट पॉल्स आहे. पॅरिसच्या सेंट शापेलच्या धर्तीवर बांधलेलं. आतून एकच लांब दालन, उंच खिडक्या. खालून फोटो काढायला असा आराखडा सोयीचा, कारण मधे खांबच नाहीत. झुकायला काही असलंच तर खिडक्या.

गुडघे विरुद्ध सूत्रं या वादात मी कॅम्पातलींच्या बाजूने. पण वयामुळे असेल.

मोबाईलवाली

माझ्याकडे फक्त फोन आहे, त्यात ते ०.५ वालं वाइड आहे. यातलं काही मला लागू पडतं का?

लोलक

सगळं लागू पडतं. ती लेन्स बहुतेक फोनमध्ये १३ मिमीच्या आसपासची असते, म्हणजे टेकडीवाल्यांच्या लेन्सपेक्षाही रुंद. एक गंमत सांगतो: फोन उलटा धरा, डोकं खाली. लेन्स फोनच्या वरच्या टोकाला असते, ती उलटल्यावर फरशीपासून दोन बोटांवर येते. कॅमेरेवाल्यांना एवढं खाली जाणं बापजन्मी शक्य नाही. ग्रिड चालू ठेवा आणि फोन खांबासारखा उभा धरा, मागे रेलू देऊ नका.

दिवे एलईडी असतील तर फोटोत आडवे पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. नाहीतर दिवेच बंद करायला सांगा.

कॅम्पातली

दिवे बंद करायला सांगा, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पिवळे दिवे चालू ठेवून खिडकीचा उजेड घेतला की अर्धं चर्च हळदीचं आणि अर्धं निळं दिसतं. लग्नाच्या अल्बममध्ये हेच बघून बघून कंटाळा आलाय. तीन सेकंदांऐवजी पंधरा सेकंद लागतील, लागू देत, कॅमेरा कुठे पळतोय.

आणि उजेडाचं थोडं. चर्च जुन्या पद्धतीने बांधलेलं असेल तर वेदी पूर्वेला असते. प्रत्येक ठिकाणी तसं असतंच असं नाही, फोनमधलं होकायंत्र बघून घ्या. तसं असेल तर सकाळी सूर्य वेदीमागच्या काचेतून थेट तुमच्या लेन्सवर येणार. डोळ्यांना सुंदर, फोटोत काच पांढरीफटक. पावसाळी सकाळ सगळ्यात चांगली. श्रावणातलं ढगाळ आभाळ असलं की काचेतला निळा निळाच राहतो, बाकांखालचा अंधारही दिसतो.

लोलक

अगदी. त्यात भर: पुणे साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरात माध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवर असतो, दक्षिण बाजूच्या खिडक्यांतून रंगीत कवडसे थेट फरशीवर पडतात. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, तेव्हा त्याच खिडक्यांतून दुपारी ऊन येतच नाही. फरशीवर रंग हवे असतील तर थंडी, काच नीट हवी असेल तर पावसाळा. दोन्ही एका फोटोत मागू नका.

काच आणि बाकांमधला फरक तरीही एका फ्रेममध्ये मावणार नाही. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घ्या, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. मात्र एचडीआरच्या (फोटो आपोआप मिसळणाऱ्या) बटणाला हात लावू नका. चर्चचं लाकूड लगेच प्लॅस्टिकचं दिसायला लागतं. मधला फोटो पाया धरा, काच अंधाऱ्या फोटोतून मास्क करून आणा, बस. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर तांदूळ हलतो आणि तिन्ही फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

टेकडीवाला

भारीच चाललंय. आता एक रडगाणं: पंखे. छतापासून सात-आठ फुटी दांडे सोडून पंखे लटकवलेत. उभं राहून बघताना लक्षातही येत नाहीत, खालून बघितलं की छतात दुसरं काही दिसतच नाही. सगळे पुसून टाकू का?

जुनी_रिळं

पुसू नकोस. पंखा काढलास की खालची सावली राहते, सावली काढलीस की छताची फळी वाकडी होते, आणि शेवटी छत आहे की तुझं चित्र, हे तुलाच कळणार नाही.

कॅम्पातली

पंखे राहू द्या. एप्रिलमध्ये दीड तासाची उपासना त्यांच्याशिवाय करून बघा. पूर्वी दोरीने ओढायचे पंखे असत, आता हे आहेत. पुण्यातल्या चर्चचा फोटो आहे, युरोपातल्या नाही. पंखे नसलेलं आमचं चर्च मला ओळखू यायचं नाही.

लोलक

ठेवायचे असतील तर बंद करून ठेवा. चालू पंखा पंधरा सेकंदांत धुक्याची तबकडी होतो. आणि बंद केल्यावर थांबायला दोन मिनिटं द्या, हळू फिरणारं पातं सगळ्यात वाईट दिसतं.

रवा_लाडू

कॅमेरा आभाळाकडे तोंड करून फरशीवर ठेवला तर? म्हणजे फक्त छत?

लोलक

तो वेगळाच फोटो, आणि छान होतो. मधल्या वाटेच्या बरोब्बर मध्यावर ठेवा. बोटभर सरकला तरी दोन्ही बाजू असमान दिसतात. इथे खांब चारी बाजूंनी आत झुकतात आणि तेच हवं असतं. टायमर दहा सेकंदांचा लावा आणि पळा. १६ मिमीला आडव्या दिशेने ९७ अंश दिसतं, शेजारी उभे राहिलात तर छताकडे बघणारी तुमची हनुवटी फोटोत येईल. बाकाखाली बसा.

टेकडीवाला

जाऊन आलो. दिवे बंद, पंखे बंद, आभाळ भरलेलं.

उभी फ्रेम, एफ ११, नाक सरळ, खालचा तिसरा हिस्सा कापून चौरस. खांब ताठ, छत पूर्ण, फरशी हवी तेवढीच. लोलक, तुमचं गणित सेंटीमीटरला बरोबर निघालं.

नियोजनात नसलेली एक गोष्ट हाती लागली. काकांनी मी यायच्या आधी वाट पुसून घेतली होती, कोपऱ्यांत ओल होती. उभ्याने बघताना फरशी नुसती करडी. कॅमेऱ्याच्या उंचीवरून मात्र वेदीमागची काच अख्खी त्या ओलीत उतरलेली, लाल आणि निळी. नजर फरशीला जितकी समांतर तितकं प्रतिबिंब गडद. लेन्सवर पोलरायझर (प्रतिबिंब मारणारा फिल्टर) होता, तो काढून ठेवला. वाळायला लागल्यावर दहाएक मिनिटांत रंग विझले, काकांना पुन्हा फडकं मारायला सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी स्वतःच मारलं.

मग ताईंचं ऐकून गुडघ्यांवर बसलो, कॅमेरा छातीशी धरून, आयएसओ वाढवून. हा फोटो भव्य नाही. पण बाकांच्या पाठींवर, हात ठेवायच्या जागी, पॉलिश गेलेलं आहे. प्रत्येक बाकावर दोन-दोन फिकट डाग, थेट पुढच्या रांगेपर्यंत. फरशीवरच्या फोटोत हे डाग येणं शक्यच नव्हतं. आणि गुडघे टेकायच्या फळ्यांच्या रेक्झिनला एका ठिकाणी शिवण घातलेली, दोरा वेगळ्या रंगाचा.

दोन्ही प्रचि (प्रकाशचित्रं) खाली डकवलेत. कुठला ठेवू, ते ठरत नाही.

मोबाईलवाली

दुसरा. डोळे झाकून दुसरा.

रवा_लाडू

पहिला. भिंतीवर पहिलाच लागतो.

लोलक

पहिला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, फक्त उजवीकडे पाव अंश कल आहे, सरळ करा. दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, ताई बोलतील.

कॅम्पातली

दोरा हिरवा आहे. कोणी शिवलाय हेही मला माहीत आहे, म्हणजे चर्चही कळलं, आणि मी ते मनात ठेवतेय.

दोन्ही ठेवा. आणि चर्चच्या कार्यालयाला दोन्ही द्या, व्हॉट्सॲपवर दाबून-चेपून नाही, पेनड्राइव्हवर मूळ आकारात. वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी दरवर्षी फोटो शोधत फिरतात आणि शेवटी तोच जुना, बाहेरून काढलेला, वर विजेच्या तारा असलेला छापतात. तुम्हाला पुढच्या खेपेची परवानगीही तिथेच मिळून जाईल, कदाचित लेखी.

टेकडीवाला

उद्याच देतो. प्रिंटही काढतो एक, काकांसाठी.

नवखा_क्लिक

उशिरा आलो, धागा वाचनखुणेत टाकला. माझा क्रॉप सेन्सर आहे, १.५ वाला, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान. हेच आकडे चालतील का?

लोलक

लेन्स १०-११ मिमीची लागेल, १८-५५ ने हे जमणार नाही. एफ ११ ऐवजी एफ ८ पुरेल, स्पष्टतेची खोली तेवढीच मिळते. कॅमेऱ्याची उंची, नाक सरळ ठेवणं, खालचा तिसरा हिस्सा कापणं, सगळं जसंच्या तसं. १६ मिमीच असेल तर मागे सरका. वाट संपली तर मुख्य दाराच्या उंबऱ्यावर पिशवी ठेवा, पण आधी दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट मोकळी राहील ना ते बघा.